घरदुरुस्तीची तीन एस्टिमेट्स हातात आहेत, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पस्तीस वर्षं जुन्या फ्लॅटचं काम काढलं तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले लोक एस्टिमेटचे फोटो पाठवतात आणि विचारतात, "यातलं कुठलं घ्यावं?" तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. बहुतेक प्रश्न पुणे, ठाणे, मुंबईकडच्या वन-टू बीएचकेचे आहेत. चालू दर इथे मिळणार नाहीत; ते गावागणिक आणि दिवाळीच्या आधी-नंतर बदलतात.

१. एस्टिमेट आणि कोटेशन यात फरक असतो का? आमचे ठेकेदार दोन्ही शब्द वापरतात.

बोलण्यात नसतो, कागदावर असतो. एस्टिमेट म्हणजे अंदाज. कोटेशन म्हणजे "एवढं काम, या दराने, अमुक तारखेपर्यंत हा दर कायम". वरती नाव काहीही लिहिलेलं असो, आत तीन गोष्टी शोधा: दर किती दिवस टिकणार, बिल प्रत्यक्ष मापावर होणार की ठरलेल्या रकमेवर, आणि खाली सही-तारीख आहे का. व्हॉट्सॲपवर आलेलं "टोटल ३.८० पर्यंत जाईल सर" हे या दोन्हींपैकी काहीच नाही.

२. किती जणांकडून एस्टिमेट घ्यावं?

तीन. दोघांत फरक पडला तर कोण चुकतंय ते कळत नाही, आणि सहा जणांना घर दाखवलं की चौथ्यापासून पुढचे माप न घेता नजरेनेच आकडा सांगतात. तिघांपैकी एक तरी असा असावा ज्याचं निदान दोन वर्षांपूर्वी झालेलं काम तुम्ही स्वतः जाऊन बघितलं आहे. कालच पूर्ण झालेलं बाथरूम सगळ्यांचंच चकचकीत दिसतं.

३. एकाच बाथरूमचे तीन आकडे: १,६५,०००, १,९८,००० आणि २,४८,०००. एवढा फरक कसा?

कारण तिघांनी तीन वेगळ्या बाथरूमचा हिशोब केलाय. शेवटच्या ओळीतला आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी, एकाने धरलेलं आणि दुसऱ्याने सोडलेलं काय आहे ते शोधायचं.

एक नमुना घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. ८ बाय ५ फुटांचं बाथरूम, ७ फुटांपर्यंत भिंतीला टाइल्स. भिंतींचा घेर २६ फूट, म्हणून १८२ चौरस फूट. दाराचे साधारण १७ वजा केले आणि जमिनीचे ४० मिळवले की २०५. तूटफूट आणि कापाकापी धरून २२५ चौरस फूट टाइल आणावी लागेल.

पहिल्याच्या १,६५,००० मध्ये राडारोडा उचलणं नाही (८,०००), वॉटरप्रूफिंग नाही (२२,०००), नळ-कमोड-बेसिन नाही (४५,०००). हे मिळवल्यावर झाले २,४०,०००. शिवाय त्याने टाइलचा बेसिक रेट (नुसत्या टाइलची चौरस फुटाची किंमत) ४५ रुपये धरलाय आणि तिसऱ्याने ७०. तुम्हाला सत्तरवालीच टाइल हवी असेल तर २२५ गुणिले २५, म्हणजे ५,६२५ आणखी. एकूण २,४५,६२५.

दुसऱ्याचे १,९८,००० "जीएसटी वेगळा". १८ टक्के लावले की २,३३,६४०. यातही नळ-कमोड नाहीत, ते मिळवून २,७८,६४०.

तिसऱ्याचे २,४८,००० सगळ्यासकट, करासहित.

म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्यात दिसणारा ८३,००० चा फरक होता फक्त २,३७५ चा, आणि मधला दिसणारा माणूस सगळ्यात महाग निघाला. आता कोणाला काम द्यायचं हा प्रश्न पैशांचा उरलाच नाही.

४. मग सगळ्यांनी एकाच कामाचा हिशोब द्यावा यासाठी काय करायचं?

यादी तुम्ही करा आणि तिघांना तीच द्या. ठेकेदाराने फक्त दराचा रकाना भरायचा. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

इंजिनिअर असण्याची गरज नाही. वही घेऊन घरात ज्या क्रमाने काम होतं त्या क्रमाने फिरा: तोडफोड, राडारोडा, नळकाम, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी-टाइल्स, ओटा, सुतारकाम, रंग, शेवटची साफसफाई. प्रत्येक कामापुढे पाच गोष्टी लिहा: कुठे, किती, कशाचं, माल कोण आणणार, जुन्याचं काय करायचं. शेवटचा मुद्दा हमखास राहतो. जुने पितळी नळ, सागवानी दरवाजे, ग्रिल हे भंगारात जाणार ते कोणाच्या खिशात, हे आधी ठरलेलं बरं.

हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी अशा: जुन्या फरशीवर नवी बसवली की दरवाजे खालून तासावे लागतात. वायरिंगसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा बुजवायच्या असतात; इलेक्ट्रिशियन म्हणतो ते गवंड्याचं काम आणि गवंडी म्हणतो इलेक्ट्रिशियनचं. सोसायटीने लिफ्ट दिली नाही तर वाळू-सिमेंट चौथ्या मजल्यावर चढवायची मजुरी. खिडकीच्या चौकटीभोवती ग्रॅनाइटची पट्टी. ओट्याखालचा कडाप्पा. काम चालू असताना सामान झाकायचं प्लास्टिक.

कामाचं वर्णन कसं लिहावं हे सुचत नसेल तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची चाळा. त्यातले दर सरकारी कामांचे आहेत, ते सोडून द्या. पण एका कलमात काय काय मोडतं हे किती काटेकोरपणे लिहिता येतं, ते तिथे दिसतं.

५. एकाने चौरस फुटाला दर दिलाय, दुसऱ्याने लमसम (सगळ्याची मिळून एकच ठोक रक्कम). तुलना कशी करू?

लमसमवाल्याला त्याने धरलेली मापं मागा. माप न देता लमसम देणारा एकतर फार अनुभवी असतो किंवा फार धाडसी. दरवाल्याच्या बाबतीत उलट धोका: दर कमी, पण माप फुगवलेलं. म्हणून घराची मापं एकदा स्वतः टेपने घ्या आणि सगळ्यांचे दर त्याच मापांना लावा.

एककांकडेही नीट बघा. चौरस मीटरला ७०० रुपये म्हणजे चौरस फुटाला साधारण ६५, कारण १ चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट. राडारोडा ब्रासमध्ये मोजतात: १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. रंगाचा "चौरस फूट" भिंतींचा असतो, फ्लॅटच्या कार्पेटचा (आतल्या जमिनीच्या क्षेत्रफळाचा) नव्हे. भिंती आणि छत मिळून तो कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट भरतो. ६०० फुटांच्या घराचं २,००० फुटांचं रंगाचं बिल बघून दचकू नका. खिडक्या-दारं वजा केली का, हे मात्र विचारा. आणि "दोन हात" म्हणजे रंगाचे दोन, की प्रायमर धरून दोन?

वॉर्डरोब समोरच्या उंची गुणिले रुंदीवर मोजतात, आतला खोलपणा धरत नाहीत. वरचा लॉफ्ट त्यात की वेगळा? आतून लॅमिनेट की नुसता रंग? एवढ्यावरच दर कितीतरी हलतो.

सगळ्यात घोटाळ्याचा शब्द "पॉइंट". एक जण दिवा, पंखा, सॉकेट असं प्रत्येक मोजतो. दुसऱ्याच्या लेखी अख्खा स्विचबोर्ड म्हणजे एक पॉइंट. "४० पॉइंट" आणि "१८ पॉइंट" हे एकाच घराचं वायरिंग असू शकतं.

६. मजुरी त्यांची, माल आमचा, असं केलं तर स्वस्त पडतं का?

पैशात पडतं. वेळ आणि डोकं कोण देणार ते ठरवा. माल तुमचा असेल तर सिमेंट संपलं म्हणून रिकामे बसलेले दोन गवंडी हा तुमचा खर्च, आणि टाइल वाकडी बसली की "टाइलच वाकडी होती" हे उत्तरही तुम्हालाच ऐकायचं. मला जमलेला मधला मार्ग: वाळू, सिमेंट, पाइप, वायर ठेकेदाराकडून, डोळ्यांना दिसणारं सगळं, म्हणजे टाइल, नळ, लॅमिनेट, हँडल, स्वतः आणलेलं. तुलना करताना एक एस्टिमेट मजुरीचं आणि दुसरं मालासकट असेल तर प्रश्न ३ प्रमाणे आधी दोन्ही एका पातळीवर आणा.

७. "आयएसआय प्लाय, ब्रँडेड वायर किंवा समकक्ष" असं लिहिलंय. एवढं पुरे का?

नाही. "समकक्ष" ही पळवाट आहे. कंपनी, प्रकार आणि जाडी लिहून घ्या. प्लायवर आयएसआयची खूण असते, पण त्या खुणेबरोबरचा क्रमांक महत्त्वाचा: आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचं मानक आहे, आयएस ७१० मरीन प्लायचं. सिंकखालच्या कपाटाला ७१० मागा. बेडरूमच्या वॉर्डरोबला त्याची गरज नाही आणि त्याचे पैसेही देऊ नका. वायरचं माप चौरस मिलिमीटरमध्ये असतं: दिवे-पंख्यांना १.५, पॉवर सॉकेटला २.५, गिझर-एसीला सहसा ४. "सगळीकडे चांगली वायर" याला काही अर्थ नाही. वितरण बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का तेही बघा. स्वस्त एस्टिमेटमध्ये नुसत्या एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारे स्विच) असतात, आणि ओल्या हाताने झटका बसतो तेव्हा वाचवतो तो आरसीसीबी.

८. "बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील," असं ठेकेदार म्हणतात. खरं आहे का?

आधी तो कर लावू शकतो का ते बघा. मालासकट दुरुस्ती-नूतनीकरणाच्या ठेक्यावर जीएसटी सर्वसाधारणपणे १८ टक्के आहे. पण ज्याची जीएसटी नोंदणीच नाही त्याला तो आकारता येत नाही, आणि कंपोझिशन योजनेतला (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारा छोटा) व्यावसायिकही बिलात वेगळा जीएसटी लावू शकत नाही. म्हणजे काही जण जो कर "माफ" करतात तो त्यांना मागताच आला नसता. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की नाव आणि नोंदणीचा प्रकार दोन्ही दिसतात.

बिल सोडण्याची खरी किंमत पुढे कळते. काम फसलं तर ते त्यानेच केलं होतं हे दाखवायला तुमच्याकडे काही नसतं (प्रश्न १५).

एस्टिमेट जुनं असेल तर आणखी एक: सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. त्याआधीचे दर तसेच पुढे ढकललेले असतील तर नवे मागा.

९. वॉटरप्रूफिंगला एक जण दहा वर्षांची गॅरंटी देतोय, दुसरा दोन. दहावाला बरा ना?

वर्षं मोजू नका, पायऱ्या मोजा. जुनी फरशी आणि खालचा भराव स्लॅबपर्यंत काढणार का? पाइप आणि स्लॅबच्या सांध्यांना वेगळी प्रक्रिया आहे का? कोटिंग भिंतीवर निदान फूटभर वर चढवणार का? नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जाण्याच्या जाळीखालचा भाग) नवा की जुनाच? आणि टाइल बसवण्याआधी पाणी तुंबवून दोन दिवस ठेवणार का? ही चाचणी एस्टिमेटमध्ये लिहून घ्या आणि त्या दोन दिवसांत खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन छत बघून या.

आमच्याकडे लेटरहेडवर, शिक्क्यासह गॅरंटी होती. पहिल्या पावसाळ्यानंतर फोन लागायचा बंद झाला. गॅरंटी देणाऱ्याचा पत्ता वर्षांपेक्षा महत्त्वाचा, हे तेव्हा कळलं.

१०. एकाचं एस्टिमेट दुसऱ्याला दाखवून भाव पाडू का?

दाखवू नका. एकाने मेहनतीने घेतलेली मापं दुसऱ्याला फुकट देणं मला पटत नाही, आणि व्यवहारातही ते उलटतं: दुसरा तोच आकडा पाच हजारांनी कमी करून देतो आणि ते पाच हजार मालातून काढतो. त्याऐवजी एखादं कलम धरून बोला. "तोडफोडीचा दर जास्त वाटतो, त्यात काय काय धरलंय?" उत्तर पटलं तर दर ठीक आहे. एकूण आकड्यावर "राउंड फिगर करा" म्हणालात तर तो करेल, पण कशातून, ते सांगणार नाही.

११. ॲडव्हान्स किती द्यावा?

पहिल्या आठवड्याच्या मालाला आणि मजुरीला पुरेल एवढा. अर्धी रक्कम आधी मागणाऱ्याचं आधीचं काम कुठेतरी अडकलेलं असतं, असा माझा समज आहे. पुढचे हप्ते तारखेला नाही, टप्प्याला बांधा: तोडफोड आणि राडारोडा, पाइप-वायरिंग, पाण्याची चाचणी, टाइल्स, फिटिंग. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर महिन्याभराने. दर कमी पण ७० टक्के आधी, आणि दर थोडा जास्त पण टप्प्यांनी, यात मी दुसरा निवडीन. रोख देताना लक्षात ठेवा, एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे.

१२. सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, राडारोडा हे एस्टिमेटमध्ये असतं का?

परवानगी तुमचं काम, राडारोडा ठेकेदाराचा, असं स्पष्ट लिहा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमध्ये फेरबदल करायला समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते. सोसायटीने कामाच्या वेळा दुपारी दोन ते चार बंद ठेवल्या असतील तर ते एस्टिमेट मागतानाच सांगा. रोजचे दोन तास गेले की मजुरी वाढते. राडारोडा रात्री नाल्याकाठी टाकून येणारा ठेकेदार स्वस्त पडतो. दंड मात्र तुमच्या नावावर येऊ शकतो.

"ही भिंत पाडून हॉल मोठा करू" अशी ओळ एस्टिमेटमध्ये असेल तर तिथेच थांबा. कॉलम, बीम, भार पेलणाऱ्या भिंती याबद्दल ठेकेदाराचं मत चालत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अभिप्राय आणि महापालिकेची परवानगी आधी, दर नंतर.

१३. बिल्डरने ताबा देऊन तीनच वर्षं झाली. बाथरूम गळतंय, दुरुस्तीची एस्टिमेट्स घेतली आहेत. कुठलं निवडू?

सध्या एकही नको. रेराच्या (घर खरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या) कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला तर विकासकाने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दूर करायचा असतो. आधी लेखी कळवा. स्वतः तोडफोड केलीत तर "तुम्हीच फोडलं, म्हणून गळतंय" हे उत्तर तयार असेल. हातातली एस्टिमेट्स ठेवून द्या. त्यांतली दोष कुठे आहे याची नोंद पत्र लिहिताना उपयोगी पडते.

१४. कोकणातलं आजोबांचं घर आहे, चिऱ्याचं. कोणीच पक्का आकडा देत नाही. फसवतायत का?

बहुधा नाही. कौलं उतरवल्याशिवाय वासे आणि रिपा किती कुजल्या, आढ्याला वाळवी आहे का, हे कोणालाच दिसत नाही. अशा घराला पक्का आकडा बिनधास्त देणाऱ्याची मला जास्त भीती वाटते. दोन टप्पे करा. पहिला छोटा: एका बाजूची कौलं उतरवून, भिंतीचा गिलावा दोन-तीन ठिकाणी खरवडून तपासणी. त्यानंतर कलमवार दर, आणि "एवढ्यापुढे गेलं तर आधी विचारायचं" अशी मर्यादा. लाकूड कोणतं आणि कोणत्या दराने, हे वेगळं लिहा.

जुना गिलावा चुन्याचा असेल तर सिमेंटचं आणि चुन्याचं अशी एस्टिमेट्स एकमेकांशेजारी ठेवू नका. सिमेंट स्वस्त दिसतं, पण भिंतीतली ओल आतच कोंडते आणि काही पावसाळ्यांत पोपडे येतात.

१५. ठेकेदार अर्धं काम टाकून गेला. दुसऱ्याचं एस्टिमेट उरलेल्या कामापेक्षा जास्तच आलंय.

येणारच. नवा ठेकेदार पहिल्याच्या पाइपांवर टाइल बसवणार असतो. त्याला झालेल्या आणि राहिलेल्या कामाचे दोन वेगळे रकाने करायला सांगा. पहिल्याने केलेलं त्रयस्थ इंजिनिअरकडून मोजून, फोटोंसह नोंदवून घ्या, आणि हे सगळं नवा माणूस हात लावायच्या आधी. मग पहिल्याला लेखी नोटीस. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार चालते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तिथे तुमचं एस्टिमेट, हप्त्यांच्या नोंदी आणि मेसेज हाच पुरावा.

१६. ठेकेदार मामांचे साडू आहेत. त्यांच्याकडे लेखी कसं मागू?

"बँकेला दाखवायचंय" म्हणा. कर्ज काढलेलं नसलं तरी चालेल.

१७. ज्यांना काम द्यायचं नाही त्यांना काय सांगायचं?

फोन करून नाही सांगा, एवढंच. अर्धा दिवस माप घेत बसलेला माणूस महिनाभर वाट बघतो आणि दुसरं काम सोडतो. कारण विचारलं तर कुठलं कलम महाग वाटलं ते सांगा. आम्ही तेव्हा नाकारलेलेच मिस्त्री तीन वर्षांनी बाल्कनीच्या गळतीला आले. टेप काढायची गरजच पडली नाही, आमच्या घराची मापं त्यांच्या वहीत होती.